पक्ष्यांचे सहपालन

पक्ष्यांचे सहपालन : भिन्न जातींचे पाळीव पक्षी एकाच पिंजऱ्यात वा पक्षिगृहात ठेवण्याच्या पद्धतीस सहपालन म्हणतात. रंग व आवाज यांच्या वैविध्यामुळे ही पद्धत लोकप्रिय आहे. मात्र तिची सुरक्षितता पक्ष्यांच्या आकारापेक्षा त्यांचा स्वभाव, चोचीची ताकद आणि उपलब्ध जागा यांवर अवलंबून असते. मुंबईत डिलाईल रोड (हल्लीचा ना. म. जोशी मार्ग) येथे १९२०–३० या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील मूळ खोली सु. १६० चौ. फुटांची (सु. १५ चौ. मी.) आहे. अशा एकखणी घरात स्वयंपाक, झोपणे व पक्ष्यांचा पिंजरा हे सर्व एकत्रच असल्याने पक्ष्यांची भांडणे व आजार यांचा संबंध थेट कुटुंबाशी येतो.

पक्ष्यांची निवड : कंठवाला पोपट, मुनिया, मैना इ. भारतीय वन्य पक्षी पकडणे, विकणे वा पाळणे हा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे निवड पिंजऱ्यात पैदास झालेल्या परदेशी जातींपुरती मर्यादित राहते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींची (उदा., जावा चिमणी) नोंदणी अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीनुसार करावी लागते.

मुंबईच्या बाजारात बजरीगर (मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस) या ऑस्ट्रेलियन पक्ष्यास सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते. खरे लव्हबर्ड ॲगापॉर्निस या वंशातील असून ते मूळचे आफ्रिका व मादागास्कर येथील आहेत. हा नामसाम्याचा घोटाळा घातक ठरतो. कारण बजरीगर सामान्यतः समूहप्रिय असतो, तर लव्हबर्ड आपल्या हद्दीत शिरलेल्या परजातीच्या पक्ष्याची बोटे व पाय चावून जायबंदी करतो. म्हणून लव्हबर्ड नेहमी स्वजातीयांसोबतच ठेवावेत.

कॉकॅटील (निम्फिकस हॉलंडिकस) हा बजरीगरापेक्षा लांबीने सु. दीडपट ते पाऊणेदोनपट मोठा असूनही शांत असतो. पुरेशी जागा असल्यास हे दोघे एकत्र राहू शकतात. तथापि त्रास देणारा बहुधा लहानगा बजरीगरच असतो. झेब्रा फिंच व बंगाली फिंच यांची एकमेकांशी जुळणी होते. मात्र सु. १२ ग्रॅ. वजनाचा झेब्रा फिंच आणि बळकट, वाकड्या चोचीचे पक्षी लहान पिंजऱ्यात एकत्र ठेवणे धोक्याचे असते. विणीच्या काळात कॅनरीचे नर आपसांतही झुंजतात.

पिंजरा : पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त असावा, कारण बहुतेक पक्षी आडवे उडतात. लहान पक्ष्यांसाठी गजांमधील अंतर सु. १२ मिमी. पेक्षा अधिक नसावे. दाण्याची व पाण्याची भांडी एकाहून अधिक असावीत आणि दांड्यांवर सर्वांना एकाच वेळी बसता यावे. सहपालनात घरटी वा घरट्याच्या पेट्या ठेवू नयेत. त्यांच्या ताब्यावरूनच बहुतेक प्राणघातक भांडणे होतात. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात (राणीच्या बागेत) २०२० मध्ये खुल्या झालेल्या भव्य पक्षिगृहात अनेक जाती एकत्र नांदतात, कारण तेथे दुबळ्या पक्ष्यास दूर जाण्यास व लपण्यास जागा मिळते. खोलीतील पिंजऱ्यात नेमकी हीच सोय नसते.

आरोग्य : नवा पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत, शक्य तर आप्तांच्या घरी, ठेवावा. क्लॅमिडिया सिटॅसी या जंतूमुळे होणारा सिटॅकोसिस हा रोग वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसांस होतो. १९२९-३० मध्ये आयात पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. म्हणून पिंजरा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा. पक्षी हाताळणाऱ्यास ताप व कोरडा खोकला आल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. नॉन-स्टिक तवा अतिशय तापल्यास निघणारा वायू पक्ष्यांस काही मिनिटांत मारू शकतो. त्यामुळे एकखणी घरात असे भांडे वापरू नये. पावसाळ्यात राळा व बाजरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण बुरशीयुक्त दाण्यांमुळे श्वसनमार्गाचे विकार जडतात.

एकत्र आणलेल्या पक्ष्यांवर पहिले काही दिवस सतत लक्ष ठेवावे. एखादा पक्षी पिसे फुलवून तळाशी बसू लागला, दाण्यापासून हाकलला जाऊ लागला किंवा त्याच्या पायावर जखम दिसली, तर त्यास तत्काळ वेगळे करावे. त्यासाठी एक रिकामा पिंजरा सदैव हाताशी असावा. जागा अपुरी असल्यास भिन्न जातींचे पिंजरे परस्परांच्या दृष्टिपथात, पण चोच पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर टांगणे श्रेयस्कर होय. त्यामुळे पक्ष्यांस सोबत मिळते आणि त्यांच्या जिवासही धोका राहत नाही.