१२३४५६७८९८७६५४३२१ : या सतरा अंकी संख्येचं डोंबिवलीशी काय नातं आहे?

नऊ वेळा १ लिहा. त्या संख्येला तिनेच गुणा. म्हणजे १११११११११ × १११११११११. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. अंक १ पासून ९ पर्यंत चढतात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात. ‘चिमा काय कामाची’सारखी ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते. सोशल मीडियावर ती ‘गणिताचा चमत्कार’ म्हणून फिरत असते. पण हा चमत्कार नाही, साधी बेरीज आहे.

असं का होतं?

छोटं उदाहरण घ्या : १११ × १११. शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला की १११, १११० आणि १११०० यांची बेरीज करावी लागते. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या स्तंभात नऊ एक जमतात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून नक्षी शाबूत राहते.

मग दहा एक घेतले तर?

इथेच नक्षी मोडते. मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा १ पुढे जातो, तिथल्या ९ चेही १० होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. त्यामुळे ‘कितीही एक घ्या, असंच उत्तर येतं’ हा दावा चुकीचा आहे.

डोंबिवली कुठून आली?

मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलून ज्या डोंबिवलीला जाता येतं, त्याच स्टेशनाचं जुनं नाव ‘डेम्लो’. गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या प्रकारच्या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. १, १२१, १२३२१ पासून आपल्या सतरा अंकी संख्येपर्यंतच्या वर्गसंख्या म्हणजे ‘अद्भुत डेम्लो संख्या’.

१९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक होते. अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम निव्वळ खेळ मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. ६१७४ हा प्रसिद्ध ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांचाच.

या संख्येत आणखी काय दडलंय?

• अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. संख्येलाही ८१ ने पूर्ण भाग जातो.
• १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव फक्त तीन : ३, ३७ आणि ३३३६६७.

पडताळायचं असेल तर एक्सेलवर विसंबू नका. तिथे पहिले पंधरा अंकच टिकतात आणि शेवटी २१ ऐवजी ०० दिसतं. कागद-पेन्सिल मात्र सगळे सतरा अंक बरोबर देते. पुढच्या वेळी ‘चमत्कार’ फॉरवर्ड करण्याआधी आणखी एक १ वाढवून पाहा.