भोजनातील मात्रज्ञता आणि स्थूलपणावरील शस्त्रक्रिया

संयुक्त निकायात कोसलनरेश पसेनदीची एक छोटी कथा आहे. द्रोणभर भात जेवून राजा धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याला धिक्कारले नाही. मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावून रोज भोजनसमयी म्हणावयास नेमले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला, शरीर हलके झाले. रोज आठवण देणारा माणूस राजालाही लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे मात्र लठ्ठ माणसाला खादाड म्हणून हिणवतात. हा अन्याय आहे असे आम्हांस वाटते. अनुवंश, बैठे काम, अपुरी झोप, स्टेरॉइडसारखी औषधे अशी अनेक कारणे त्यामागे असतात. शिवाय वजन उतरू लागले की शरीरच भूक वाढविते व ऊर्जेचा खर्च कमी करते. त्यामुळे अतिस्थूल व्यक्तीने कष्टाने घटविलेले वजन बहुधा परत येते.

अशांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. आता ती बहुधा दुर्बिणीतून होते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेला भाग परत बसविता येत नाही. पोट लहान होते एवढेच नव्हे, तर भुकेची व तृप्तीची संप्रेरकेही बदलतात. म्हणूनच अनेकांचा मधुमेह वजन फारसे उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो. पोटाची चरबी शोषून काढणे ही निराळी गोष्ट. तो स्थूलपणावरचा उपचार नव्हे. जाहिरातींत दोहोंची सरमिसळ असते.

शस्त्रक्रिया कोणासाठी? किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स मिळतो. उंची १.६० मीटर व वजन ११० किलो असल्यास तो ४३ येतो. १९९१ च्या अमेरिकन निकषांत ४०, किंवा गंभीर आजार सोबत असल्यास ३५, ही मर्यादा होती. २०२२ मध्ये तज्ज्ञ संघटनांनी ती सरसकट ३५ वर आणली. आशियाई लोकांना कमी वजनावरही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी ती आणखी खाली धरतात. आरोग्य विम्याचे नियम मात्र अजून ४० व ३५ याच आकड्यांवर आहेत. कर्ज काढण्यापूर्वी पॉलिसी वाचावी!

धोकेही आहेत: टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पुढे पित्ताचे खडे. लोह, कॅल्शियम व बी-१२ जन्मभर घ्यावे लागते, रक्त तपासावे लागते. स्त्रियांनी साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयाची असते. ज्यांना हे पुढचे जमणार नाही, त्यांनी घाई करू नये. खाण्यावरचे लक्ष सुटले तर वजन पुन्हा वाढते.

सुरुवातीस काही आठवडे पातळ अन्न, मग लहान घास, सावकाश चावून. बुद्धपौर्णिमेला आपण आग्रहाने खीर वाढतो. बायपास झालेल्याने वाटीभर गोड खीर भरभर घेतली, तर त्याला दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. दोन चमचे घेऊन त्याने वाटी बाजूला ठेवली, तर ती तशीच राहू द्यावी.