कळत नाही की कळून घ्यायचं नाही?

ओरेगॉन विद्यापीठातल्या क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग दिसायला साधा आहे. एक विद्यार्थिनी आपली अडचण सांगते आहे, अशी चित्रफीत स्त्री-पुरुषांना दाखवायची आणि त्या त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं असेल ते लिहायला लावायचं. मग ती उत्तरं तिच्या स्वतःच्या सांगण्याशी ताडून बघायची. पहिल्या प्रयोगात स्त्रिया पुढे राहिल्या. पण कसोटीआधी तिच्याबद्दल किती कळवळा वाटतो हे विचारलं होतं, तेव्हाच. दुसऱ्या प्रयोगात अचूक उत्तराला पैसे देऊ केले. दोघांचीही उत्तरं सुधारली आणि फरक पुसला गेला.

मेंदूच्या कोणत्याही रंगीत प्रतिमेपेक्षा मला हा निकाल मोलाचा वाटतो. घरातल्या आजारी माणसाची उठबस बाईनेच करायची, कारण ‘तिचा मेंदूच तसा घडलेला’, असं विज्ञानाच्या नावावर खपवलं जातं, तेव्हा चीड येते. पुरुषाला त्याच वाक्याने आयती सुटका मिळते.

नॅन्सी आयझेनबर्ग आणि रँडी लेनन यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं, की माणसांना स्वतःबद्दल विचारलं तर स्त्री-पुरुषांच्या समानुभूतीत मोठी तफावत दिसते. शरीराच्या प्रतिक्रिया मोजल्या किंवा नकळत निरीक्षण केलं, तर ती जवळपास उरत नाही.

तरी फरक सगळाच आभासी नाही. नुसते डोळे पाहून भाव ओळखण्याची एक कसोटी आहे. २०२२ मध्ये ५७ देशांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा ३६ देशांत स्त्रियांची सरासरी जास्त निघाली, २१ देशांत दोघे बरोबरीत, पुरुष पुढे कुठेच नाहीत. कारण काय? टेस्टोस्टेरॉनकडे बोट दाखवलं जायचं. २०११ मध्ये १६ स्त्रियांवरच्या प्रयोगाने तसं सुचवलंही होतं. पण २०१९ मध्ये ६४३ पुरुषांवर तपासलं, तर काहीच परिणाम दिसला नाही. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात ४६,००० हून अधिक लोक होते. माणसामाणसांतल्या समानुभूतीच्या फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा जनुकांकडे गेला आणि स्त्री-पुरुषांमधल्या तफावतीला जनुकीय कारण सापडलं नाही.

राहिला मेंदू. लंडनमध्ये तानिया सिंगर यांच्या चमूने २००६ मध्ये स्वयंसेवकांना आधी पैशांचा खेळ खेळायला लावला. त्यात एक खेळाडू सचोटीने वागला, दुसरा लबाडीने. मग त्या दोघांच्या हाताला वेदना दिली जात असताना पाहणाऱ्यांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. सचोटीच्या खेळाडूला दुखलं, की स्त्री-पुरुष दोघांच्याही मेंदूतली वेदनेशी निगडित केंद्रं जागी झाली. लबाडाच्या वेळी पुरुषांमधला हा प्रतिसाद पार ओसरला, उलट बक्षिसाशी संबंधित भाग उजळला. म्हणजे पुरुषाच्या मेंदूत ही यंत्रणा आहेच; समोरचा माणूस कसा वागला यावर ती चालू-बंद होते. शिक्षा शारीरिक असल्यामुळेही पुरुषांचं चित्र असं दिसलं असेल, ही शक्यता खुद्द संशोधकांनी नोंदवली आहे. लबाडाला वेदनेऐवजी आर्थिक दंड केला असता तर मेंदूने काय दाखवलं असतं, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही.