दह्याच्या आम्लाचा कप

दूध विरजलं की जिवाणू त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि दह्याला आंबटपणा येतो. याच आम्लाचे हजारो रेणू एकापुढे एक जोडत नेले, तर हाती येतो एक पारदर्शक, कडक, चकचकीत पदार्थ. त्याचं नाव पॉलिलॅक्टिक आम्ल, बाजारात पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून तो बनतो आणि अंगावर हिरवं पान छापून, कोल्ड कॉफीचा कप होऊन आपल्यापर्यंत पोचतो. पानाखाली लिहिलेलं असतं, ‘कंपोस्टेबल’.

हा कप गॅलरीतल्या गांडूळखताच्या डब्यात टाकला की गांडुळं त्याचा फडशा पाडतील, असं आपण धरून चालतो. टाकून पाहा. शेजारी पळसाच्या पानांची एक पत्रावळही घाला. काही आठवड्यांनी पत्रावळीच्या शिरा तेवढ्या उरतात, मग त्याही शोधून सापडत नाहीत. कप मात्र विसळून घेतला तर पुन्हा कॉफी ओतावी इतका शाबूत असतो. दोघांचाही जन्म झाडापानांतलाच, मग एवढा फरक कशानं?

त्याचं कारण गांडुळाच्या तोंडापासूनच सुरू होतं. त्या तोंडात दातच नाहीत. काकडीचं ताजं साल त्याच्यापुढे ठेवलं तर ते वाट पाहतं. आधी त्या सालावर जिवाणू आणि बुरशी चढतात, साल मऊ पडतं, बुळबुळीत होतं, आणि मग गांडूळ तो लगदा आत ओढतं. पुढे पेषणी नावाचा जाड स्नायूंचा कप्पा लागतो. तिथे मातीच्या कणांच्या साथीनं सगळं जात्यात घातल्यासारखं दळलं जातं. गांडुळाचं पोषण मुख्यतः त्या सालावर वाढलेल्या सूक्ष्मजीवांतून होतं. गांडूळ आपला कचरा खातं असं आपण म्हणतो खरं, पण ते कचरा खाणाऱ्यांना खातं. ज्या वस्तूवर सूक्ष्मजीवांची पंगत बसलीच नाही, ती वस्तू गांडुळाच्या लेखी जेवण नाहीच.

पीएलएवर ही पंगत बसत नाही, कारण त्याची साखळी जिवाणूंना गिळण्यासाठी फार लांब असते. तिचे आधी पाण्यानं तुकडे पडावे लागतात. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली मात्र या साखळ्या ताठर होऊन एकमेकींत अडकून बसतात आणि पाण्याला आत फारसा शिरकाव मिळत नाही. त्या तापमानाला पोचल्या की त्या सैलावतात. (या कपात उकळता चहा ओतला तर तो वाकडा होतो, तो याचमुळे.) पाणी शिरतं, साखळी तुटत तुटत पुन्हा सुट्या लॅक्टिक आम्लापर्यंत येते, आणि मग जिवाणूंच्या दृष्टीनं तो दह्यातलाच ओळखीचा घास असतो.

गंमत अशी की डब्यातल्या गांडुळांना एवढी उष्णता सोसतच नाही. घरगुती खतासाठी जगभर पाळली जाणारी तांबडी, पट्टेरी ‘आयसेनिया फेटिडा’ १५ ते २५ अंशांत सुखात असते आणि पस्तिशीच्या पुढे मरू लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात डब्यावर ओलं गोणपाट टाकून तो सावलीत सरकवावा लागतो तो तिच्यासाठीच. ‘युड्रिलस युजेनी’ ही आफ्रिकेतून आलेली जात आणि ‘पेरिओनिक्स’ ही आपल्याकडची, या दोघी जरा जास्त ऊब सोसतात, पण ५८ अंशांत त्यांचाही निभाव लागणार नाही. कप ज्या उष्णतेत कुजतो, त्या उष्णतेत गांडूळ जगत नाही. आणि कंपोस्टयोग्य प्लास्टिकची प्रयोगशाळेतली मुख्य चाचणी नेमकी ५८ अंशांच्या आसपासच होते. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकाची अट अशी, की सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हावा आणि बारा आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त काही उरू नये. आपल्याकडचं मानक आयएस/आयएसओ १७०८८ हेही कारखान्यातल्या किंवा महापालिकेच्या तापलेल्या ढिगासाठी आहे. कपावरचा दावा खोटा नाही. तो तुमच्या गॅलरीबद्दल केलेलाच नाही, इतकंच.

आता पत्रावळीकडे वळू, कारण खरा चमत्कार तिथे आहे. झाडाचं पान कुणाला खाता येऊ नये म्हणून झाड त्यात पॉलिफेनॉल भरून ठेवतं. ही रसायनं किड्यांची पाचक विकरं जखडून टाकतात. तरी गांडूळ वाळलेली पानं पचवतं. २०१५ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी याचं उत्तर जाहीर केलं. गांडुळाच्या आतड्यात साबणासारखं वागणारे रेणू असतात, त्यांना त्यांनी ‘ड्रिलोडिफेन्सिन’ हे नाव दिलं. पॉलिफेनॉलचा हल्ला ते निकामी करतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे किमान एक किलो ड्रिलोडिफेन्सिन गांडुळांच्या पोटांत असावं, असा त्यांचा अंदाज होता. पानाचं शस्त्र आणि गांडुळाची ढाल कोट्यवधी वर्षं एकमेकांसमोर घडत आली. पीएलएच्या कपाला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

गांडूळ कप खात नसलं तरी त्याची परीक्षा मात्र उत्तम घेतं. त्याला फुप्फुसं नाहीत. ओल्या त्वचेतूनच प्राणवायू आत जातो. त्यामुळे मातीत काही विषारी असेल तर ते त्वचेतूनही शिरतं आणि तोंडावाटेही. म्हणून १९८४ पासून ओईसीडी या संघटनेच्या नियमावलीत गांडूळ हा अधिकृत परीक्षक आहे. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन चिकणमाती आणि १० टक्के पीट अशी कृत्रिम माती कालवतात, तपासायचं रसायन तिच्यात मिसळतात, गांडुळं सोडतात आणि चौदा दिवसांनी जिवंत किती ते मोजतात. नंतर आलेली चाचणी अधिक कसून आहे: चार आठवड्यांनी मोठी गांडुळं बाहेर काढायची, आणखी चार आठवडे थांबायचं आणि पिल्लं मोजायची. जीव न जाताही वंश खुंटू शकतो, हे त्या पिल्लांवरून कळतं. ऑस्ट्रेलियानं आपल्या कंपोस्टयोग्य प्लास्टिकच्या मानकात गांडुळांची चाचणी घातली आहे. अशी चाचणी सगळ्याच मानकांत असायला हवी, असं मला वाटतं.

घरी करण्यासारखी एक चाचणी तर फारच सोपी आहे. पसरट डबा घ्या, एका अर्ध्यात नुसतं ओलं गांडूळखत, दुसऱ्या अर्ध्यात तेच खत आणि वेष्टनाचे बारीक तुकडे. मधल्या रेषेवर दहा गांडुळं सोडा, झाकण लावा आणि ४८ तासांनी मोजा, कोण कुठल्या बाजूला गेलं. प्रयोगशाळेतल्या ‘टाळण्याच्या चाचणी’तही हेच करतात. एक पथ्य पाळा: वडापावची बशी तपासत असाल तर ती आधी पाण्यात भिजवून काढा, नाहीतर गांडुळं मिठाला आणि तेलाला पळतील आणि बदनाम होईल बिचारी बशी. कुजतं की नाही हे पाहायचं असेल तर चौकोनी तुकडे जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीत शिवून डब्यात पुरा. मच्छरदाणी कुजत नाही, त्यामुळे तुकडे हरवत नाहीत. सोबत वर्तमानपत्राचा तुकडाही ठेवा. तोही तसाच राहिला तर दोष वेष्टनाचा नाही, डब्याचा आहे. चहाचा कागदी कप घातलात तर कागद नाहीसा होतो आणि आत उरतं पॉलिथिनचं पातळ अस्तर, हुबेहूब कपाच्याच आकाराचं.

असा प्रयोग ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ‘बिग कंपोस्ट एक्सपेरिमेंट’मध्ये ९,७०१ नागरिक सहभागी झाले, आणि २०२२ साली निष्कर्ष आला की ‘घरी कंपोस्ट होतं’ असं प्रमाणपत्र मिळालेल्या प्लास्टिकपैकीही ६० टक्के घरच्या ढिगात पूर्ण विघटित झालं नाही.

मग कॉफीच्या कपाचं करायचं काय? त्याची जागा तापणाऱ्या मोठ्या ढिगात, जिथे आतलं तापमान साठीच्या घरात जातं. पण तो दिसतो अगदी साध्या प्लास्टिकसारखा, त्यामुळे कचरा निवडणारे हात त्याला ओल्यातून उचलून बाजूला टाकतात. भंगारात गेला तर पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळून तेही बिघडवतो. त्यापेक्षा कॉफी स्टीलच्या पेल्यात मागितलेली बरी, आणि लग्नाची पंगत पळसाच्या पत्रावळीवर.