खण बाहेर येताना

हौद्याच्या पुढच्या टोकाला घरंगळत गेलेला पाना काढायचा, तर पिकअप चालवणाऱ्या अमेरिकेतल्या प्लंबरला फाळका पाडून गुडघ्यांवर रांगत आत जावं लागतं. म्हणून तिथे कितीतरी जण सुट्टीच्या दिवशी प्लायवूड आणून हौद्याच्या लांबीचा खण घरीच बनवतात. काम सुतारकीचं दिसतं, पण त्यात शाळेतल्या यंत्रशास्त्राचे बरेच धडे दडलेले आहेत.

फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा जोडून ती विकायला सुरुवात केली. पुढे मोठ्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर चार फुटांपेक्षा थोडं जास्त ठेवण्याची पद्धत रुळली, कारण प्लायवूडची शीट चार बाय आठ फुटांची असते आणि ती सपाट मावली पाहिजे. घरी खण करणाऱ्याला हे आयतंच मिळतं. एक अख्खी शीट वरची फळी होते आणि तिच्याखाली खण सरकतो. पण सरकणारा खण एक ठेवायचा की दोन?

आपल्या घरातलं जुनं टेबल आठवा. खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होतो आणि अडतो. जोर वाढवला तर आणखी घट्ट बसतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे खरं, पण कोरड्या उन्हाळ्यातही असं होतं. ओढ मध्यावर नसली की खण किंचित वळतो आणि त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे बाजूंवर दाबले जातात. तिथे घर्षण तयार होतं. तुम्ही जितकं ओढाल तितका दाब वाढतो, आणि दाबाच्या प्रमाणात घर्षणही. एका मर्यादेपलीकडे घर्षण नेहमीच ओढीला पुरून उरतं, मग पैलवान आला तरी खण हलत नाही. सुताराच्या क्लॅम्पचा सरकता जबडा दांडीवर घट्ट बसतो तो याच तत्त्वावर. जी गोष्ट खणात नको असते, तीच क्लॅम्पमध्ये मुद्दाम घडवलेली असते, हे मला फार सुंदर वाटतं.

ही मर्यादा ठरते ती आत उरलेल्या लांबीवर. लाकडावर लाकडाचा घर्षणांक ०.४ धरू. चार फूट रुंद खणाची मूठ मध्यापासून ५० सेंटीमीटर दूर असेल, तर आत ४० सेंटीमीटर उरताच तो अडेल. तेच दोन अरुंद खण केले, तर त्याच प्रमाणात मूठ मध्यापासून २५ सेंटीमीटरवर येते आणि आत २० सेंटीमीटर उरेपर्यंत खण चालत राहतो. शिवाय मधल्या उभ्या फळीचा आधार वरच्या फळीलाही मिळतो. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की मध्यावर ठेवलेल्या त्याच ओझ्याखालची वाक आठव्या हिश्शावर येते. माझ्या मते यानंतर एकाच रुंद खणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तरफेचा हिशोब मात्र दोन्ही खणांना चुकत नाही. सहा फूट, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटर लांबीच्या खणात १०० किलोंचं सामान सारखं पसरलेलं आहे असं समजा. अर्धा खण बाहेर येईपर्यंत सगळं ठीक. दोन तृतीयांश बाहेर आला की भाराचा मध्य कडेच्या ३० सेंटीमीटर बाहेर असतो आणि आत ६० सेंटीमीटरच उरतात. खणाचं मागचं टोक आता ५० किलोंच्या जोराने वरच्या फळीला खालून ढकलतं, आणि कडेच्या आधारावर १५० किलो येतात. सामान १०० किलोंचं, आणि आधारावर त्याच्या दीडपट! म्हणून वरची फळी नुसती ठेवून चालत नाही. सांगाडा हौद्याच्या तळाशी आवळावा लागतो आणि सगळ्यात दणकट चाक कडेलाच बसवावं लागतं.

चाक म्हणून अनेक जण स्केटबोर्डचं बेअरिंग वापरतात. ते २२ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याचं भोक ८ मिलिमीटरचं, त्यामुळे अमेरिकेतला पाच-सोळांश इंची बोल्ट त्यात अचूक बसतो. घासण्याऐवजी गोळ्या फिरू लागल्या की १०० किलोंचा खण एका हाताने ओढता येतो.

पण ०.४ घर्षणांकाचा लाकडी खण सुमारे २२ अंशांच्या उतारापर्यंत जागचा हलत नाही, आणि बेअरिंगवरचा खण एक-दोन अंशांतच चालू लागतो. चढावर उभ्या गाडीचा फाळका पाडला, तर भरलेला खण थेट पोटावर येईल. म्हणून बेअरिंग लावणाऱ्याने बंद खणाला पक्की खिट्टी आधी बसवावी, आणि आत निदान तिसरा हिस्सा उरेल अशा जागी खण अडवणारा ठोकळाही.