पहिल्या कार्डाची किंमत

खेळाडू मोठ्या पातळीवर उतरला, त्या हंगामात निघालेले त्याचे पहिले अधिकृत छापील कार्ड म्हणजे रूकी कार्ड. अमेरिकेत बेसबॉलपटूंची कार्डे आधी सिगारेटच्या पाकिटात आली, मग च्युइंगगमबरोबर. आता नुसत्या कार्डांची पाकिटे विकली जातात. २००६ पासून तिथे मुख्य लीगमध्ये दाखल झालेल्या नवोदिताच्याच कार्डावर ‘आरसी’ हे चिन्ह छापतात, त्यामुळे पहिले कोणते हा वाद बराचसा मिटला.

क्रिकेटमध्ये तो मिटलेला नाही. लहानपणी आईवडील डोंबिवलीला आणि आपण बोरिवलीला आजोबांकडे, असे दिवस काढलेला रोहित शर्मा पहिला एकदिवसीय सामना खेळला जून २००७ मध्ये, आयपीएल २००८ मध्ये आणि पहिली कसोटी थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये. डोंबिवलीतच वाढलेल्या अजिंक्य रहाणेचे भारताकडून पदार्पण २०११ चे, कसोटी मात्र २०१३ ची. विक्रेता यातल्या सोयीच्या वर्षाला ‘रूकी’ म्हणतो. म्हणून ठाण्यातल्या बाळकुममध्ये बसून संग्रह सुरू करणाऱ्याने आधी खेळाडूची कारकीर्द तारखांसह लिहून काढावी आणि कार्डावरचे प्रकाशन वर्ष तिच्याशी ताडून पाहावे.

सर्वांत महाग कार्ड रूकीच असते, असेही नाही. बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कंपनीचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. त्याचे रूकी कार्ड मात्र १९५१ चे, बोमन कंपनीचे. टॉप्सची १९५२ ची न खपलेली खोकी १९६० मध्ये न्यू जर्सीजवळ समुद्रात बुडवली, असे कंपनीचे साय बर्गर सांगत. उलट १९८९ चे अपर डेक कंपनीचे बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचे रूकी कार्ड पोराटोरांनीही जपून ठेवले. ते आजही हवेहवेसे आहे, पण दुर्मीळ नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर आणि नव्वदचा पूर्वार्ध या काळातली बहुतेक अमेरिकी कार्डे अशीच ढिगाने छापलेली आहेत. ‘जुने’ एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

त्याच सुमारास आपल्याकडे ‘बिग फन’ बबलगममधून क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. त्यांवर धावा आणि विकेट छापलेल्या असत. ठरावीक धावा जमल्या की कार्डे देऊन बक्षीस घ्यायचे. म्हणजे संग्रह पुरा झाला की तो हातचा जायचा. उरलेली कार्डे खिशात दुमडली गेली, कुणी डिंकाने वहीत चिकटवली, कुणी मागे बॉलपेनने नाव घातले. चांगल्या स्थितीतले कार्ड दुर्मीळ होते ते असे.

स्थिती ठरवतात चार गोष्टी: चित्र चौकटीच्या मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. कार्ड दिव्याखाली तिरके धरले की सरळ पाहताना न दिसणारा ओरखडा चकाकतो. कोपरा झिजला असेल तर भिंगाखाली रंग सुटून कागदाचा पांढरा तंतू दिसतो. तेवढ्यानेही भाव उतरतो. अमेरिकेतली पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डे तपासून १ ते १० गुण देते आणि कठीण प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. पेटीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी जुळवून पाहावा, कारण पेट्याही बनावट निघतात.

नकली कार्ड ओळखायलाही भिंगच लागते. जुन्या अस्सल छपाईत काळी अक्षरे सलग शाईची असतात. कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापले तर तीच अक्षरे बारीक ठिपक्यांत फुटतात. झिजलेली कड कापून सरळ केली, तर कार्ड मापाला कमी भरते. प्रचलित माप अडीच इंच बाय साडेतीन इंच आहे.

पहिली खरेदी एका कार्डाची असावी. बंद पाकिटे फोडत बसणे ही मौज आहे, संग्रह नव्हे. विक्रेत्याने मागितलेला भाव बाजूला ठेवून तेच कार्ड, त्याच गुणांचे, नुकतेच कितीला विकले गेले ते पाहावे. परदेशातून मागवायचे तर कुरियर आणि सीमाशुल्क आधीच धरावे.

बाळकुमसारख्या खाडीजवळच्या वस्तीत खरी परीक्षा पावसाळ्यात. दमट हवेत पुठ्ठा वाकतो, बुरशी धरते. कार्ड आधी पीव्हीसी नसलेल्या पातळ पारदर्शक पिशवीत आणि मग कडक कव्हरात घालावे; डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जागा बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात. पुड्या ओलावा धरून निकामी होतात, त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्या लागतात. लॅमिनेशन मात्र कधीही करू नये: गरम प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते आणि संग्राहकाच्या लेखी ते कार्ड संपते.