कोर्दोबा : विद्यापीठनगरीचे दर्शन आणि विद्यापीठाच्या मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाच्या मध्यभागी सुकिया नदीच्या काठी कोर्दोबा हे शहर वसलेले आहे. बुएनोस आयरेस या राजधानीपासून ते सुमारे ७०० किलोमीटर अंतरावर आहे. कोमेचिंगोन या मूळ रहिवाशांच्या भूमीत हेरोनिमो लुईस दे काब्रेरा या स्पॅनिश अधिकाऱ्याने ६ जुलै १५७३ रोजी त्याची स्थापना केली. त्यानंतर अवघ्या ४० वर्षांनी, म्हणजे १६१३ मध्ये, येथे उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला. अमेरिका खंडातील अतिप्राचीन विद्यापीठांत कोर्दोबाच्या राष्ट्रीय विद्यापीठाची गणना होते आणि आज तेथे एक लाखाहून अधिक विद्यार्थी शिकतात. म्हणूनच या शहराला ‘ला दोक्ता’, म्हणजे ‘विदुषी’, असे कौतुकाचे नाव मिळालेले आहे.

अशा शहराचे दर्शन म्हणजे जुन्या वास्तूंची यादी पुरी करणे, असा सर्वसाधारण समज असतो. कोर्दोबाच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. येथील प्रत्येक महत्त्वाच्या वास्तूशी ‘विद्यापीठ कोणाचे?’ हा एकच प्रश्न निगडित आहे. धर्मसंघाचे, राज्यसंस्थेचे, मोजक्या प्राध्यापक-घराण्यांचे की विद्यार्थ्यांचे? वेगवेगळ्या काळात त्याची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आणि ती शहराच्या रचनेत उमटली. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने कोर्दोबाच्या प्रमुख स्थळांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

मुख्य चौक

दर्शनाचा प्रारंभ सान मार्तीन चौकापासून करणे सोयीचे आहे. चौकाच्या पश्चिमेस कॅथीड्रल आणि ‘काबिल्दो’, म्हणजे जुन्या नगरसभेची इमारत, या दोन वास्तू शेजारी-शेजारी उभ्या आहेत. कॅथीड्रलचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि अठराव्या शतकापर्यंत रेंगाळले. त्यामुळे तिच्यात एकाहून अधिक वास्तुशैली एकत्र नांदताना दिसतात. वास्तुविशारद मिगेल आंहेल रोका यांनी विसाव्या शतकात चौकाच्या फरसबंदीत पांढऱ्या दगडाच्या रेषांनी या इमारतींच्या दर्शनी भागाची आकृती रेखाटली. इमारतीची सावलीच जणू दगडात कायमची गोठली आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. धर्मसत्ता आणि नगरसत्ता यांची ही जवळीक ध्यानात ठेवून पुढे जावे, कारण विद्यापीठाचा जन्म याच दोन सत्तांच्या छायेत झाला.

जेझुइट चौकोन

चौकापासून थोड्याच अंतरावर ‘मान्साना हेसुइतिका’, म्हणजे जेझुइट संघाचा चौकोनी वास्तुसमूह, लागतो. १५९९ मध्ये ही जागा संघाच्या ताब्यात आली. १६१० मध्ये येथे संघाचे मुख्य महाविद्यालय सुरू झाले. १६१३ मध्ये बिशप फेर्नांदो दे त्रेहो इ सानाब्रिया यांनी आपली संपत्ती उच्च शिक्षणासाठी देण्याचा संकल्प जाहीर केला. १६२१ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी पदव्या देण्याचा अधिकार मान्य केला आणि महाविद्यालयाला विद्यापीठाची प्रतिष्ठा लाभली.

या समूहातील संघाचे चर्च बाहेरून अगदी साधे, उघड्या दगडाचे आहे. आत गेल्यावर मात्र दृष्टी आपोआप वर जाते. छतासाठी पुरेशा लांबीच्या तुळया मिळत नव्हत्या. तेव्हा फिलिप लमेर या संघबंधूने आपल्या नौकाबांधणीच्या अनुभवाचा उपयोग केला. पराग्वेच्या प्रदेशातून आणलेल्या लाकडाचे तुकडे जोडून त्याने उलट्या ठेवलेल्या जहाजासारखे छत उभारले. स्थानिक साधने आणि बाहेरून आलेले ज्ञान यांच्या संयोगाचा हा बोलका नमुना होय.

जवळच असलेल्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत कमानींनी वेढलेले अंगण असून त्यात बिशप त्रेहो यांचा पुतळा आहे. जुन्या ग्रंथसंग्रहाचा उरलेला भाग आणि पदवीदानाचे सभागृहही येथेच पाहावयास मिळते. पलीकडे मोन्सेर्रात हे विद्यालय आहे. इग्नासिओ दुआर्ते किरोस यांनी १६८७ मध्ये ते स्थापिले आणि १७८२ मध्ये ते सध्याच्या जागी आले. अठराव्या शतकात या विद्यालयाकडे मुद्रणयंत्र होते. संघाच्या हकालपट्टीनंतर ते १७८० मध्ये बुएनोस आयरेसला नेण्यात आले.

कुलागरे आणि ज्ञानाची किंमत

बिशपांच्या देणगीवरच एवढा व्याप चालणे शक्य नव्हते. त्याचा खरा आधार शहराबाहेरील ‘एस्तान्सिया’, म्हणजे शेती, पशुपालन व कारागिरीची मोठी कुलागरे, हा होता. कारोया (१६१६), हेसुस मारिया (१६१८), सांता कातालिना (१६२२), आल्ता ग्रासिया (१६४३) आणि ला कांदेलारिया (१६८३) ही पाच कुलागरे आज टिकून आहेत. शहरातील चौकोनासह त्यांचा समावेश युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसा-यादीत केला. हेसुस मारिया येथे द्राक्षमद्य तयार होई, आल्ता ग्रासिया येथे कापड विणले जाई, तर ला कांदेलारिया येथे खेचरांची पैदास होई. पोतोसीच्या चांदीच्या खाणींना मालवाहतुकीसाठी खेचरे लागत. अँडीज पर्वतातील खाण आणि कोर्दोबातील तर्कशास्त्राचा वर्ग यांचा संबंध असा जुळलेला होता.

या कुलागरांत राबणारे हात प्रामुख्याने आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या वंशजांचे होते. सांता कातालिनाचे भव्य चर्च पाहताना त्याच आवारातील गुलामांच्या वसतिस्थानाकडेही लक्ष जावे. ज्यांच्या श्रमावर विद्यापीठ चालले, त्यांना विद्यापीठाचे दार बंद होते. वारसा या शब्दात केवळ अभिमान नसतो, हिशेबही असतो, याची जाणीव येथे होते.

हकालपट्टी आणि सातत्य

१७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइट संघाला आपल्या सर्व प्रदेशांतून हद्दपार केले. पोर्तुगीज राजवटीने हेच पाऊल त्याआधी १७५९ मध्ये उचलले होते. मराठी वाचकाला येथे गोव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. याच संघाच्या जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ मध्ये भारतातील पहिले मुद्रणयंत्र चालू झाले आणि याच संघाचे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे कारोयाचे कुलागर आणि ‘ख्रिस्तपुराण’ एकाच वर्षातील होत. आज सेंट पॉल महाविद्यालयाच्या दर्शनी भागाची एक कमान तेवढी उभी आहे. कोर्दोबात मात्र संस्थापक गेले तरी संस्था राहिली.

हे सातत्य कसे टिकले? प्रथम फ्रान्सिस्कन संघाने कारभार पाहिला. १७९१ मध्ये कायद्याचे अध्यापन सुरू झाले. १८०८ मध्ये डीन ग्रेगोरिओ फुनेस यांच्याकडे सूत्रे आली आणि स्वातंत्र्योत्तर काळात, १८५६ मध्ये, विद्यापीठ राष्ट्रीय शासनाच्या अखत्यारीत गेले. राष्ट्राध्यक्ष सार्मिएन्तो यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये विज्ञान अकादमीची आणि १८७१ मध्ये राष्ट्रीय वेधशाळेची स्थापना झाली. वेधशाळेचे पहिले संचालक अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गुल्ड हे होते. दक्षिण आकाशातील ताऱ्यांची मोजणी करणारी ही वेधशाळा शहराच्या दर्शनात अवश्य समाविष्ट करावी. या मातीत आधुनिक विज्ञान रुजू लागले होते. विद्यापीठाची अंतर्गत व्यवस्था मात्र जुनीच राहिली होती.

१९१८ : विद्यार्थ्यांचा प्रश्न

आता पुन्हा विद्यापीठाच्या जुन्या अंगणात यावे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विद्यापीठाची सत्ता आजीव सदस्यांच्या मंडळांकडे होती. अध्यासने मोजक्या घराण्यांत फिरत. धर्मपीठाशी जवळीक असलेल्या मंडळींचे कारभारावर वर्चस्व होते. १९१७ च्या अखेरीस वैद्यकीय विद्यार्थ्यांचे रुग्णालयातील निवासस्थान बंद करण्यात आले. या निमित्ताने असंतोष उफाळला आणि मार्च १९१८ मध्ये विद्यार्थ्यांनी संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन यांनी हस्तक्षेप करून निवडणुकीचे नियम बदलले. तथापि, १५ जून १९१८ रोजी झालेल्या निवडणुकीत जुन्या गटाचे अंतोनिओ नोरेस हेच कुलगुरू म्हणून निवडून आले. विद्यार्थ्यांनी सभागृहात घुसून सभा उधळून लावली.

२१ जून १९१८ रोजी विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा प्रकाशित झाला. दक्षिण अमेरिकेतील स्वतंत्र माणसांना उद्देशून लिहिलेल्या या जाहीरनाम्याचा मसुदा देओदोरो रोका या तरुण वकिलाने तयार केला होता. सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचा ताबाच घेतला आणि स्वतः कारभार चालविण्याचा प्रयत्न केला. सैन्याने त्यांना अटक केली, परंतु लवकरच शासनाने बहुतेक मागण्या मान्य केल्या.

या चळवळीची सूत्रे थोडक्यात अशी सांगता येतील : विद्यापीठाची स्वायत्तता, कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग, खुल्या स्पर्धेतून अध्यापकांची निवड आणि त्या निवडीची ठरावीक काळाने फेरतपासणी, अध्यापनाचे स्वातंत्र्य, तसेच विद्यापीठाचे समाजाप्रती दायित्व. काही वर्षांतच ही सूत्रे पेरू, चिली, क्यूबा, मेक्सिको आदी देशांत पोहोचली. लॅटिन अमेरिकेतील विद्यापीठांची आजची घडण बऱ्याच अंशी या चळवळीतून आलेली आहे.

यातील अध्यापक-निवडीचे सूत्र प्राध्यापक म्हणून वाचताना आपण किंचित अस्वस्थ होतो. विद्यार्थ्यांचा रोष शासनापेक्षाही वर्गातील अधिकारावर होता. केवळ पदामुळे मिळणारा आदर त्यांना मान्य नव्हता. अध्यापकाचा अधिकार त्याच्या अध्यापनातून सिद्ध व्हावा, ही त्यांची अपेक्षा होती. अर्थात चळवळीलाही मर्यादा होत्या. जाहीरनाम्याखालील सर्व स्वाक्षऱ्या पुरुषांच्या आहेत. याच अंगणाशेजारच्या मोन्सेर्रात विद्यालयात मुलींना प्रवेश मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

संघर्षाच्या खुणा

शहराच्या पश्चिमेकडील क्लिनिकास ही वस्ती रुग्णालयाभोवती वाढली आणि विद्यार्थ्यांची वस्ती म्हणून ओळखली गेली. १९६६ मध्ये जनरल ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीने विद्यापीठांची स्वायत्तता रद्द केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोर्दोबात सांतियागो पांपिल्योन हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीला बळी पडला. २९ मे १९६९ रोजी मोटार-कारखान्यातील कामगार, आगुस्तीन तोस्को यांच्या नेतृत्वाखालील वीज-कामगार आणि विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले. ‘कोर्दोबासो’ या नावाने हा उठाव प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी ओंगानिया यांना सत्ता सोडावी लागली.

दर्शनाचा शेवट जेथून आरंभ केला त्या मुख्य चौकाशीच करावा. कॅथीड्रल आणि काबिल्दो यांच्या मधून सांता कातालिना नावाचा अरुंद बोळ जातो. या बोळातील इमारतीत पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाचे कार्यालय होते आणि १९७० च्या दशकात तेथे नागरिकांना डांबून त्यांचा छळ केला जाई. आज तेथे ‘स्मृती-अभिलेखागार’ आहे. बाहेरील भिंतीवर बोटांच्या ठशांचे मोठे आकार असून ठशाची प्रत्येक रेषा बेपत्ता झालेल्या व मारल्या गेलेल्या व्यक्तींच्या नावांनी बनलेली आहे. त्यांत अनेक विद्यार्थी आहेत. फरसबंदीतील पांढऱ्या रेषा आणि भिंतीवरील नावांच्या रेषा यांत काही पावलांचेच अंतर आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, कोर्दोबाचा वारसा वास्तूंत आहे, तसाच तो वादांतही आहे. ‘विद्यापीठ कोणाचे?’ या प्रश्नाला येथे कधीच अंतिम उत्तर मिळाले नाही. १९९४ च्या घटनादुरुस्तीने अर्जेंटिनातील राष्ट्रीय विद्यापीठांच्या स्वायत्ततेला घटनात्मक मान्यता दिली. तरीही २३ एप्रिल २०२४ रोजी विद्यापीठांच्या अनुदानासाठी कोर्दोबासह देशभर प्रचंड मोर्चे निघाले. स्वायत्तता कागदावर मिळाली तरी ती टिकविण्यासाठी पैसा लागतो. सतराव्या शतकात तो कुलागरांतून आला, आज तो लोकांच्या करांतून येतो. पैसा ज्यांचा, त्यांचा विद्यापीठावर हक्क किती, हा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही.

शैक्षणिक सहलीत आपण विद्यार्थ्यांना वास्तूचे वर्ष, शैली आणि बांधणाऱ्याचे नाव सांगतो. ती माहिती आवश्यकच आहे. तथापि, ही वास्तू कोणाच्या श्रमातून उभी राहिली, येथे कोणाला प्रवेश होता, कोणाला नव्हता आणि तो कोणी मिळवून दिला, हे तीन प्रश्न तिच्या जोडीला आले तर सहल अभ्यासात रूपांतरित होते. चौथा प्रश्न विद्यार्थी आपल्यालाच विचारतील : आपल्या महाविद्यालयात आमचे स्थान कोणते? त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवूनच अशा शहराचे दर्शन घडवावे.